मुलांचे बळ कशाने मोजावे?

महाराष्ट्रातल्या प्राथमिक शाळेत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची एक नोंदवही असते. आकारिक आणि संकलित मूल्यमापनाचे गुण भरून झाले की तिच्यात तीन रकाने उरतात : विशेष प्रगती, आवड/छंद आणि सुधारणा आवश्यक. प्रत्येक मुलाबद्दल वर्गशिक्षकाने या रकान्यांत आपल्या शब्दांत लिहावे अशी अपेक्षा असते. रकान्यांचा क्रमही पाहण्यासारखा आहे : मुलाचे बळ आधी, उणीव शेवटी. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. मुलाच्या अंगच्या क्षमता फुलाव्यात, त्याला भीतीशिवाय शिकता यावे आणि त्याचे मूल्यमापन सतत व सर्व अंगांनी व्हावे, असे त्या कायद्याचे २९ वे कलम सांगते. त्या कलमाच्या अंमलबजावणीतून ही नोंदवही शाळेत आली.

प्रत्यक्षात त्या रकान्यांत काय उतरते हे शिक्षक असलेल्या कोणालाही ठाऊक आहे. वर्णनात्मक नोंदींच्या तयार याद्या पुस्तिकांच्या रूपात मिळतात आणि व्हॉट्सॲपवरून गावोगाव फिरतात. ‘वडीलधाऱ्यांचा आदर करतो’, ‘गृहपाठ वेळेवर पूर्ण करते’, ‘उपक्रमात आनंदाने सहभागी होतो’ अशी वाक्ये एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जातात आणि चाळीस मुलांच्या वर्गात आळीपाळीने वाटली जातात. दोष शिक्षकावर ढकलून मोकळे होता येणार नाही. एका शिक्षकाकडे एक वर्ग, कधी दोन वर्ग, सगळे विषय, पोषण आहाराच्या नोंदी, निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामे. नेमके काय पाहायचे, ते कसे टिपायचे, आणि टिपलेले पुढे कोण वाचणार, हे त्याला कोणी नीट सांगितलेले नाही. रकाना दिला, नजर दिली नाही. मुलांच्या सामर्थ्याच्या मोजणीचा विषय घ्यायचा तो यासाठी. ही मोजणी नीट झाली तर मुलाच्या आयुष्याला वळण मिळू शकते, आणि वाईट झाली तर मुलावर आणखी एक शिक्का बसतो.

मोजणीचा इतिहास उणिवेपासून सुरू होतो. १९०५ मध्ये पॅरिसमध्ये आल्फ्रेद बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी पहिली उपयोगी बुद्धिमापन चाचणी तयार केली. नेहमीच्या वर्गात मागे पडणारी आणि वेगळ्या मदतीची गरज असलेली मुले ओळखणे एवढाच तिचा हेतू होता. बुद्धी ही जन्मभर न बदलणारी राशी आहे असे मानणाऱ्यांना बिने यांनी स्वतःच विरोध केला. सरावाने आणि योग्य पद्धतीने ती वाढते असे ते म्हणत. १९११ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे अमेरिकेत ती चाचणी मुलांना चढत्या-उतरत्या क्रमाने उभे करण्याचे साधन बनली. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी तिचे मराठी आणि कन्नड मुलांसाठी रूपांतर केले. भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरचे त्यांचे पुस्तक १९४० मध्ये निघाले आणि बिने-कामत चाचणी आजही आपल्या दवाखान्यांत वापरली जाते. त्यांनी परकी चाचणी नुसती उचलली नाही, इथल्या मुलांवर तपासून घेतली. ही शिस्त पुढच्या अनेकांनी पाळलेली नाही.

मुलाच्या मनाची तपासणी करणाऱ्या साधनांतही उणिवेचाच वरचष्मा राहिला. रॉबर्ट गुडमन या ब्रिटिश बालमानसतज्ज्ञांनी १९९७ मध्ये सामर्थ्ये आणि अडचणी अशा दोन्हींसाठी २५ विधानांची एक प्रश्नावली दिली. ती सुटसुटीत असल्याने जगभर पसरली आणि चांगल्या कामीही आली. पण तिची रचना पाहा. २५ पैकी २० विधाने अडचणींची : भावनिक त्रास, वागणुकीचे प्रश्न, अतिचंचलता, सवंगड्यांशी न जमणे. उरलेली ५ विधाने दुसऱ्याला मदत करण्याबद्दलची, आणि एकूण गुणांची बेरीज होते तेव्हा ती ५ तिच्यात धरली जात नाहीत. एखाद्या मुलीचा एकूण अंक शून्य आला तर तिला मोठी अडचण नाही एवढे कळते. तिच्याजवळ काय आहे ते त्या अंकातून कळत नाही.

या एकांगीपणाला उत्तर देणारे काम १९९० च्या सुमारास अमेरिकेत सुरू झाले. मिनिॲपोलिस इथल्या सर्च इन्स्टिट्यूटमध्ये पीटर बेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या वाढीला पोषक ठरणाऱ्या गोष्टींची यादी करायला घेतली. ती पुढे ४० गोष्टींची झाली आणि तिचे दोन सारखे भाग झाले. २० गोष्टी मुलाच्या अंगच्या : शिकण्याची ओढ, प्रामाणिकपणा, निर्णय घेण्याची क्षमता, भविष्याबद्दलची आशा. उरलेल्या २० मुलाबाहेरच्या : घरचा आधार, शेजाऱ्यांची आस्था, सुरक्षितता, मुलाला काही उपयोगाचे काम सोपवले जाणे. या यादीचे मोठेपण तिच्या नेमकेपणात आहे. ‘मुलाला समाजाचा आधार आहे का?’ असा धूसर प्रश्न ती विचारत नाही. आई-वडिलांखेरीज निदान तीन मोठ्या माणसांचा आधार या मुलाला मिळतो का, असे विचारते. आठवड्यात निदान एक तास ते दुसऱ्यांसाठी काही करते का, निदान तीन तास केवळ आवडीखातर वाचते का, असे विचारते. या प्रश्नांची उत्तरे देताना गावाला, वस्तीला आणि शाळेलाही स्वतःकडे पाहावे लागते. मुलीकडे आधार देणारे तिसरे मोठे माणूस नसेल तर कमतरता तिच्यात नाही.

दुसरी धारा मार्टिन सेलिगमन आणि ख्रिस्तोफर पीटरसन यांची. २००४ मध्ये त्यांनी माणसाच्या २४ चारित्र्यसामर्थ्यांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले : कुतूहल, धैर्य, दयाळूपणा, न्यायबुद्धी, कृतज्ञता, विनोदबुद्धी आणि इतर. १० ते १७ वर्षांच्या मुलांसाठी त्यांची १९८ विधानांची प्रश्नावली तयार झाली. तिचा सर्वांत चांगला उपयोग मुलाला त्याची स्वतःची ठळक चार-पाच बळे दाखवण्यासाठी होतो, म्हणजे मुलाची तुलना त्याच्याच इतर गुणांशी होते. शेजारच्या बाकावरच्या मुलाशी तुलना करायला ती निघाली की बिघडते. तिसरी धारा टफ्ट्स विद्यापीठाच्या रिचर्ड लर्नर यांची. अमेरिकेतल्या फोर-एच या युवक मंडळांच्या मदतीने त्यांनी २००२ पासून पाचवीच्या मुलांपासून सुरुवात करून सुमारे ७,००० मुलांचा अनेक वर्षे माग काढला. क्षमता, आत्मविश्वास, नाती, चारित्र्य आणि आस्था या पाच गोष्टी त्यांनी मोजल्या. त्या पाचही वाढल्या की मूल समाजाला काही देऊ लागते, अशी त्यांची मांडणी.

इथवर सगळे आशादायक वाटते. मग प्रश्नावली घेऊन शाळेत गेले की काय होते?

बॉस्टन शहराचे उदाहरण यासाठी मोलाचे आहे. मार्टिन वेस्ट आणि सहकाऱ्यांनी तिथल्या ३२ सार्वजनिक शाळांतल्या आठवीच्या मुलांना चिकाटी, आत्मसंयम आणि कामातली दक्षता यांवर प्रश्न विचारले. हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. एकेका मुलाकडे पाहिले तर प्रश्नावली ठीक चालली : संयम जास्त सांगणाऱ्या मुलांची हजेरी आणि अभ्यासही चांगला होता. पण शाळांची तुलना केली तेव्हा चित्र उलटले. कडक शिस्तीच्या, मुलांकडून खूप अपेक्षा ठेवणाऱ्या चार्टर शाळांत (सरकारी पैशांवर पण स्वायत्तपणे चालणाऱ्या शाळांत) मुलांची परीक्षेतली प्रगती जास्त होती, आणि तीच मुले स्वतःला कमी संयमी, कमी चिकाटीची म्हणत होती. याचे पटणारे स्पष्टीकरण साधे आहे. ‘मी मेहनती आहे’ या विधानापुढे खूण करताना मूल आपल्या आजूबाजूला पाहते. ज्या वर्गात सगळेच रोज दोन तास गृहपाठ करतात तिथे दीड तास करणारा स्वतःला आळशी समजतो. जिथे कोणीच पुस्तक उघडत नाही तिथे अर्धा तास वाचणारी स्वतःला मेहनती समजते. दोघेही खरेच बोलतात, फक्त दोघांची पट्टी वेगळी असते.

हे लक्षात आले की पुढचा धोकाही दिसतो. या उत्तरांवरून शाळांना क्रमांक दिले तर अपेक्षा ठेवणारी चांगली शाळा खाली जाईल आणि ढिली शाळा वर. चिकाटीच्या मापनासाठी जगभर ज्यांचे नाव घेतले जाते त्या अँजेला डकवर्थ यांनीच हा इशारा दिला. २०१५ मध्ये त्यांनी डेव्हिड येगर यांच्यासोबत या साधनांच्या मर्यादा सविस्तर मांडल्या. कॅलिफोर्नियातल्या काही मोठ्या शहरांचे शाळा विभाग मुलांच्या अशा उत्तरांना शाळेच्या गुणवत्तेच्या हिशेबात धरू लागले, तेव्हा २०१६ च्या मार्चमध्ये त्यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून सांगितले की चिकाटीच्या अंकावर शाळांचे मूल्यमापन करू नये. स्वतः घडवलेल्या साधनाचा गैरवापर होताना जाहीरपणे उभे राहणे ही विद्वानाची खरी जबाबदारी असते, आणि ती त्यांनी पार पाडली. त्यांची प्रश्नावली उचलून वापरणाऱ्यांनी हा लेखही तितक्याच आस्थेने वाचायला हवा होता.

प्रश्न न विचारता वागणूकच पाहिली तर? संयमाच्या मोजणीत सर्वांत गाजलेला प्रयोग वागणुकीचाच आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत वॉल्टर मिशेल यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून मुलांपुढे मार्शमेलोसारखा एखादा गोड खाऊ ठेवून पाहिले. थांबलास तर दोन, नाहीतर हा एकच. पुढे १९९० मध्ये असे दाखवले गेले की जास्त वेळ थांबलेली मुले मोठेपणी परीक्षांत पुढे होती. या प्रयोगाच्या गोष्टी पालकांच्या मेळाव्यांतून इतक्या सांगितल्या गेल्या की चार वर्षांच्या मुलाचे भवितव्य एका खाऊत दिसते असा समज रूढ झाला.

२०१३ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी या प्रयोगाला एक छोटीशी जोड दिली. ३ ते ५ वर्षांची २८ मुले. त्यांना आधी जुने खडू देऊन सांगितले की थोडे थांबलात तर चित्रकलेचे छान साहित्य आणून देऊ. निम्म्या मुलांना ते खरोखर आणून दिले. उरलेल्यांना सांगितले, माफ करा, साहित्य संपले. मग स्टिकर्सच्या बाबतीतही तसेच केले. त्यानंतर खाऊ ठेवला. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता ती मुले सरासरी १२ मिनिटे थांबली. ज्यांना फसवले गेले होते ती सुमारे ३ मिनिटे. मुले तशीच, वये तीच. पुढे २०१८ मध्ये टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी विविध घरांतल्या ९०० हून अधिक मुलांची माहिती तपासली. थांबण्याचा पुढच्या यशाशी असलेला संबंध मूळ अभ्यासाच्या जवळपास निम्मा भरला, आणि घरची परिस्थिती व मुलाची सुरुवातीची क्षमता हिशेबात घेतल्यावर त्यातलाही बराच विरघळला. संयम म्हणून जे मोजले गेले त्यात मोठ्यांनी पाळलेल्या शब्दांचाही वाटा होता.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांच्या मुलांचा या ठिकाणी विचार करावा. दिवाळीच्या आगेमागे आई-वडील कोयता घेऊन निघतात आणि मार्च-एप्रिलला परततात. जिथे हंगामी वसतिगृह चालते किंवा आजी-आजोबा घरी थांबतात तिथे मूल शाळेत राहते. एरवी ते फडावर जाते, धाकट्या भावंडाला सांभाळते आणि वाढे गोळा करते. अशा मुलीपुढे ‘सुरू केलेले काम मी पूर्ण करते’ हे विधान ठेवले तर तिने कोणती खूण करावी? तिची इयत्ता अर्धी राहिली आहे, आणि चिकाटीत ती कोणत्याही शहरी शाळेतल्या मुलाच्या पुढे आहे. तिच्या प्रश्नावलीचा अंक कमी आला आणि तो नोंदवहीत चढला, तर व्यवस्थेने आपला दोष तिच्या नावावर टाकला असे होईल. हा अन्याय आहे, आणि त्यावर संख्याशास्त्राचा शिक्का असल्याने तो जास्त घातक आहे.

म्हणून काही मोजूच नये का? तसे नाही. न मोजलेल्या गोष्टीला शाळेच्या वेळापत्रकात जागा मिळत नाही, अंदाजपत्रकात तर नाहीच. चांगल्या मोजणीची उदाहरणे आपल्या देशातच आहेत.

बेंगळुरूच्या ड्रीम अ ड्रीम या संस्थेने वंचित घरांतल्या मुलांसाठी जीवनकौशल्यांची एक मापनपट्टी तयार केली. फिओना केनेडी, डेव्हिड पिअरसन, विशाल तलरेजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती २०१४ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात पाचच गोष्टी आहेत : इतरांशी वागणे, अडचणीतून वाट काढणे, पुढाकार घेणे, भांडण सोडवणे, सूचना समजून पाळणे. खूण मूल करत नाही. त्याला नेहमी पाहणारे मोठे माणूस करते. सर्वांत शहाणपणाची गोष्ट तिच्या पायऱ्यांत आहे. उत्तम, मध्यम, कच्चा असे शब्द तिथे नाहीत. अजून करत नाही, खूप मदतीने करते, थोड्या मदतीने करते, अगदी किंचित मदतीने करते, स्वतःहून करते. प्रत्येक पायरीवर मदत किती लागते एवढेच टिपले जाते. वाचणाऱ्या शिक्षकाला पुढचे काम लगेच दिसते : ही मुलगी भांडण मिटवायला खूप मदत घेते, तर पुढच्या महिन्यात तिच्याजवळ थांबायला हवे. अशा नोंदीत मूल अपयशी ठरूच शकत नाही. मोठ्यांची मदत अपुरी पडली एवढेच ठरू शकते.

दुसरे उदाहरण गोव्यात १९९६ मध्ये सुरू झालेल्या संगाथ या संस्थेचे. बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यात ७० हून अधिक सरकारी माध्यमिक शाळांत ‘सेहेर’ नावाचा कार्यक्रम राबवून त्यांनी त्याची शास्त्रशुद्ध चाचणी घेतली. निष्कर्ष २०१८ मध्ये लॅन्सेटमध्ये आले. इथे मुख्य मोजमाप शाळेच्या वातावरणाचे होते. शिक्षक आणि मुले यांचे नाते कसे आहे, शाळा आपली वाटते का, शाळेच्या कामात आपल्याला वाटा मिळतो का, असे मुलांना विचारले गेले. सोबत उदासी, दादागिरी आणि मारहाणीचे अनुभवही तपासले गेले. काही शाळांत खास नेमलेले ‘सेहेर मित्र’ होते. ते मानसोपचाराची पदवी घेतलेले नव्हते, साधे प्रशिक्षित लोक होते. काही शाळांत तेच काम शिक्षकांवर सोपवले होते. मित्र असलेल्या शाळांत वातावरण लक्षणीय सुधारले, मुलांची उदासी आणि शाळेतली हिंसा कमी झाली. शिक्षकांवर सोपवलेल्या शाळांत फरक दिसला नाही. आधीच कामांनी वाकलेल्या शिक्षकावर आणखी एक काम टाकले की ते होत नाही, हा धडा महाराष्ट्रातल्या शाळांनाही लागू आहे.

शाळेकडे आधीच असलेल्या कागदांतही बरेच सापडते. किराबो जॅक्सन या अर्थतज्ज्ञांनी नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या नववीच्या मुलांची माहिती तपासली आणि २०१८ मध्ये निष्कर्ष मांडले. गैरहजेरी, शाळेतून तात्पुरते काढून टाकले जाणे, वर्गातले गुण आणि वेळेवर पुढच्या इयत्तेत जाणे, एवढ्याच गोष्टी त्यांनी घेतल्या. काही शिक्षकांच्या वर्गात मुलांच्या या चार गोष्टी सुधारत होत्या, आणि चाचणीतले गुण वाढवणारे शिक्षक बरेचदा वेगळेच होते. मुले शालेय शिक्षण पूर्ण करतील का, हे पहिल्या प्रकारच्या शिक्षकांच्या प्रभावावरून जास्त चांगले सांगता आले. आपल्याकडे अशा शिक्षकांना गावकरी बरोबर ओळखतात. त्यांची बदली झाली की पालक पंचायत समितीवर जातात. पण त्यांचे काम निकालाच्या टक्केवारीत दिसत नाही. हजेरीपटात दिसते, तिथे कोणी शोधत नाही.

आता नवी संधी समोर आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने समग्र प्रगती पत्रकाची कल्पना मांडली आणि २०२३ मध्ये एनसीईआरटीमध्ये स्थापन झालेल्या ‘परख’ने त्याचे नमुने तयार केले. त्यात शिक्षकासोबत मूल स्वतःबद्दल सांगते, सोबती सांगतो, पालक सांगतात. हे स्वागतार्ह आहे. चार बाजूंनी पाहिलेले मूल एका बाजूने पाहिलेल्या मुलापेक्षा खरे असते. मात्र बॉस्टनच्या आठवीला जे झाले ते इथेही होणार, आणि सोबत्याने केलेल्या नोंदीत वर्गातली जात, मैत्री आणि रुसवेही उतरणार. त्या पत्रकातल्या खुणांची बेरीज करून टक्के काढले आणि टक्के काढून तालुक्यांचे क्रमांक लावले, तर तयार नोंदींची नवी पुस्तिका छापून यायला एक वर्षही लागणार नाही. माणसे क्रमांकासाठी भरू लागली की रकाना खोटा होतो. हा नियम शाळेइतकाच बँकेला आणि रुग्णालयाला लागू पडतो.

पत्रकाची मराठी आवृत्ती ज्यांच्या हाती आहे त्या अधिकाऱ्यांना आणि तज्ज्ञांना म्हणून कळकळीची विनंती आहे. छापण्याआधी धारणीच्या, अक्कलकुव्याच्या, शिरूर कासारच्या आणि धारावीच्या चौथीतल्या मुलांसोबत बसा. प्रत्येक विधान त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. काय समजले ते विचारा, आणि खूण करताना कोण डोळ्यांसमोर होते तेही विचारा. जी विधाने मुलांना वेगळीच समजली ती काढून टाका. पायऱ्या लिहिताना मुलाला लागणारी मदत लिहा. शाळेचे वातावरण आणि मुलाला असलेला मोठ्यांचा आधार यांना पत्रकात वेगळी जागा द्या. आणि या नोंदींवरून कोणत्याही मुलाला, शिक्षकाला किंवा शाळेला क्रमांक दिला जाणार नाही, असे शासन निर्णयातच लिहा.